एक बाटली, दोन जावा: सांधेदुखीवरील पूरक गोळ्यांचे एक प्रकरण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस कोसळत असताना, रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावातून दोन जावा माझ्या दवाखान्यात आल्या. तपासून घ्यायचे होते ते धाकट्या बाईंना. थोरल्या बाई सोबत म्हणून आल्या होत्या. धाकट्या बाईंनी बसण्याआधीच पिशवीतून चार वस्तू काढून टेबलावर ओळीने मांडल्या. अमेरिकेतून आलेली गोळ्यांची एक मोठी बाटली, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलची डबी, कोलॅजेनच्या भुकटीचा अर्धा संपलेला डबा आणि माशांच्या तेलाच्या कॅप्सूलची अजून न फोडलेली डबी. त्यांचा प्रश्न सरळ होता, "डॉक्टर, यातलं कुठलं चालू ठेवू आणि कुठलं बंद करू?" मी बाटली पाहायला मागितली, तेव्हा तिचे झाकण त्यांनी स्वतः उघडले नाही, काही न बोलता ती जाऊबाईंच्या हातात दिली आणि जाऊबाईंनी सवयीने उघडून माझ्यापुढे धरली. निदानाची सुरुवात तिथेच झाली, असे मी आज म्हणू शकतो.

हे प्रकरण लिहिण्यास दोघींनी संमती दिली आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

घरातील पार्श्वभूमी

थोरल्या बाईंचे वय ६३. गुडघे सहा वर्षांपासून दुखत होते. जिना उतरताना, जमिनीवरून उठताना आणि संध्याकाळी दिवसभराचे काम आटोपल्यावर दुखणे वाढायचे. सकाळी उठल्यावर पाय आखडलेले वाटायचे, पण न्हाणीघरापर्यंत चालून आले की दहा मिनिटांत मोकळे व्हायचे. त्यांचा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. आदल्या दिवाळीत तो आला तेव्हा त्याने ग्लुकोसामाइन आणि कोंड्रॉइटिन हे कूर्चेतले घटक असलेल्या गोळ्यांची बाटली आणली. दोन महिन्यांत थोरल्या बाई गावातल्या देवळाच्या पायऱ्या कठड्याचा आधार न घेता चढू लागल्या. गोळी लागू पडली, अशी घरात सगळ्यांची खात्री झाली.

धाकट्या बाई ४९ वर्षांच्या. त्या घरून तांदळाच्या भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेतात आणि रोज साठ-सत्तर भाकऱ्या थापतात. जानेवारीत त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे मुळाशी दुखू लागली. पंधरा दिवसांत डावा हातही दुखू लागला. संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी बांगड्या भरायला गेल्या तेव्हा नेहमीच्या मापाची बांगडी हातात चढेना. कासारीणबाईंनी साबण लावून प्रयत्न केला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. घरात खात्रीची गोळी हाताशी होतीच. जाऊबाईंच्या बाटलीतून रोज दोन गोळ्या त्यांनीही सुरू केल्या. महिनाभरात फरक न पडल्याने भाच्याने मोबाइलवरून हळदीच्या कॅप्सूल मागवून दिल्या, एप्रिलमध्ये कोलॅजेन आले. ज्या दिवशी भाकऱ्यांची ऑर्डर मोठी असेल त्या दिवशी त्या औषधांच्या दुकानातून एक वेदनाशामक गोळीही घेत होत्या. असे दिवस महिन्यात सात-आठ भरत. डॉक्टरकडे जाण्याचा विचार कुणी केला नाही, कारण उपचार चालू आहेत असेच सर्वांना वाटत होते. जुलैपर्यंत या सगळ्यावर चौदा हजार रुपयांच्या आसपास खर्च झाला होता.

तपासणीत काय आढळले

पहिला प्रश्न मी सकाळचा विचारला. सांधेदुखीच्या रुग्णाला कुठे दुखते याबरोबरच केव्हा दुखते हे विचारणे फार महत्त्वाचे असते. धाकट्या बाई म्हणाल्या की पहाटे पाचला उठल्यावर मूठ वळत नाही. पूर्वी साडेपाचला उकड मळायला घ्यायच्या, आता आठ वाजेपर्यंत हात कोमट पाण्यात धरून बसावे लागते आणि तोवर उकड जाऊबाई मळून देतात. म्हणजे तीन तासांचा आखडलेपणा, आणि तो कामाने वाढणारा नसून विश्रांतीनंतर वाढणारा. दोन्ही मनगटे, दोन्ही हातांच्या तर्जनी आणि मधल्या बोटांचे मुळाचे सांधे व मधले सांधे सुजलेले होते. नखाजवळचे सांधे मात्र स्वच्छ होते. सांध्यावर बोट दाबले की हाड लागत नव्हते, ओल्या कणकेसारखी मऊ सूज लागत होती. तळहात दोन्ही बाजूंनी हलकेच आवळला तरी त्या कळवळल्या. पायांच्या बोटांच्या मुळाशीही तेच.

रक्ततपासणीत शरीरातील दाह दाखवणारे दोन आकडे वाढलेले होते, ईएसआर पहिल्या तासाला ६८ मिलिमीटर आणि सीआरपी लिटरला ३४ मिलिग्रॅम. आमवाताकडे बोट दाखवणाऱ्या तपासण्यांत आरए फॅक्टर सकारात्मक आणि अँटी-सीसीपी खूप वाढलेले आले. पायाच्या एक्स-रेमध्ये करंगळीच्या मुळाशी हाडाची कड एका ठिकाणी कुरतडल्यासारखी दिसत होती. निदानाविषयी शंका उरली नाही. हा आमवात होता, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस. याशिवाय एक अनपेक्षित गोष्ट हाती आली. यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एसजीपीटी हे विकर ९६ होते. प्रयोगशाळेची वरची मर्यादा ४० होती.

थोरल्या बाईंचे गुडघेही त्याच दिवशी पाहिले. हात ठेवला की वाकवताना करकर जाणवत होती, सूज किरकोळ, गरमपणा नाही. एक्स-रेमध्ये आतल्या बाजूची फट कमी झालेली आणि हाडाच्या कडांना टोके आलेली. ही झीज, ऑस्टिओआर्थ्रायटिस. एका घरात, एका बाटलीवर, दोन पूर्णपणे वेगळे आजार चालले होते.

"वात" या एका शब्दात काय काय मावते

आपण मराठीत या सगळ्याला वात म्हणतो, फार तर संधिवात. बोलण्यापुरते ते ठीक आहे. पण झिजेच्या आजारात सांध्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, वर्षानुवर्षे विरत जाते, दाह असतो तो सौम्य आणि बहुधा झिजेमागून आलेला. आमवातात मात्र शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर चालून जाते, अस्तर सुजून जाड होते आणि शेजारचे हाड खाऊ लागते. पहिल्या आजारात काही महिने इकडेतिकडे झाल्याने सांध्याचे फारसे बिघडत नाही. दुसऱ्यात पहिले महिनेच मोलाचे असतात. लक्षणे सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत आजाराला आळा घालणारी औषधे सुरू व्हावीत, असे युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेचे मार्गदर्शन आहे, कारण कुरतडले गेलेले हाड पुन्हा पूर्ववत होत नाही.

हा भेद पाश्चात्त्य वैद्यकाने येथे आणून लादलेला नाही, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. आयुर्वेदात संधिगत वात आणि आमवात हे वेगळे मानले गेले आहेत, आणि माधवनिदान या रोगनिदानावरील जुन्या ग्रंथात आमवाताला स्वतंत्र अध्याय आहे. आपल्या आज्यांना हे दोन शब्द ठाऊक असत. आता डब्यांवर एकच शब्दप्रयोग असतो, "सांध्यांच्या आरोग्यासाठी", आणि त्यात दोन्ही आजार बुडून जातात.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने घरोघरी जाऊन ४,०९२ प्रौढांची पाहणी केली. त्यांपैकी १८.२ टक्के लोकांना हाडा-सांध्यांची काही ना काही तक्रार होती. झिजेचा आजार ५.८ टक्क्यांना होता, आमवात ०.५ टक्क्याला. म्हणजे गावात गुडघे धरून बसलेली बरीच माणसे झिजेची असतात आणि त्यांच्या गर्दीत आमवाताचा एखादा रुग्ण असतो. शेजारणीला लागू पडलेली गोळी आपल्यालाही लागू पडेल असा विश्वास या गर्दीतूनच तयार होतो, आणि तो एखाद्या धाकट्या बाईंच्या बाबतीत महागात जातो.

थोरल्या बाईंचा गुडघा कशाने सुधारला

थोरल्या बाईंचा अनुभव खोटा नव्हता. त्या खरोखरच दिवाळीआधीपेक्षा चांगल्या चालत होत्या. प्रश्न एवढाच होता की श्रेय कोणाचे.

मी त्यांना विचारले की दिवाळीत मुलगा आला तेव्हा गोळ्यांखेरीज घरात आणखी काय बदलले. आधी त्या काहीच नाही म्हणाल्या. मग धाकट्या बाईंनी आठवण करून दिली. मुलाने परसातल्या जुन्या संडासाऐवजी घरात कमोड बसवून घेतला होता. आईला जमिनीवर बसून विळीवर नारळ खवताना पाहून त्याने विळी ओट्यावर पक्की करून दिली होती. जेवणाचे पाट उचलून मेज-खुर्च्या आणल्या होत्या. ज्या गुडघ्यांना दिवसातून पंधरा-वीस वेळा पूर्ण वाकून सगळे वजन पेलावे लागत होते, त्यांची त्या कामातून सुटका झाली होती. या बदलांची नोंद कुणी ठेवली नव्हती, कारण ते बाटलीत भरलेले नव्हते.

गोळीचा वाटा किती, याचे उत्तर एका घरातून मिळत नाही. त्यासाठी मोठ्या चाचण्या लागतात, आणि ग्लुकोसामाइनच्या बाबतीत त्या झाल्या आहेत. अमेरिकेत सरकारी निधीतून झालेली गेट नावाची चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. गुडघेदुखीच्या १,५८३ रुग्णांचे पाच गट करून २४ आठवडे कुणाला ग्लुकोसामाइन रोज १,५०० मिलिग्रॅम, कुणाला कोंड्रॉइटिन १,२०० मिलिग्रॅम, कुणाला दोन्ही, कुणाला सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक आणि कुणाला औषध नसलेली गोळी दिली गेली. दुखणे किमान २० टक्क्यांनी कमी होणे ही सुधारणेची कसोटी होती. सेलेकॉक्सिबच्या गटात ७०.१ टक्के रुग्ण सुधारले. दोन्ही पूरके एकत्र घेणाऱ्यांत ६६.६ टक्के. आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ६०.१ टक्के. पूरकांचा आणि रिकाम्या गोळीचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. मध्यम ते तीव्र दुखणे असलेल्या छोट्या उपगटात मात्र दोन्ही पूरके एकत्र घेणाऱ्यांना फायदा दिसला होता, आणि उत्पादक त्याच ओळीवर बोट ठेवतात. त्याआधी २००१ मध्ये युरोपातील २१२ रुग्णांच्या तीन वर्षांच्या चाचणीत ग्लुकोसामाइन सल्फेट घेणाऱ्यांच्या सांध्यातील फट कमी अरुंद झाल्याचे आढळले होते, त्यामुळे या पदार्थाविषयीची आशा निराधार होती असे मी म्हणणार नाही. पण नंतर, २०१० मध्ये, दहा चाचण्यांतील ३,८०३ रुग्णांचा एकत्रित हिशेब मांडला गेला तेव्हा रुग्णाला जाणवेल इतका फायदा दिसला नाही, आणि २०१९ मध्ये अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने गुडघ्याच्या झिजेसाठी ग्लुकोसामाइन देऊ नये असा स्पष्ट सल्ला दिला.

मला या साऱ्यात ६०.१ हा आकडा सर्वांत बोलका वाटतो. गुडघ्याचे दुखणे चढते-उतरते असते. माणूस गोळी शोधतो ते दुखणे कळसाला पोचले असताना, आणि तिथून ते बहुधा आपसूक उतरते. त्यात मुलाने परदेशातून काळजीने आणलेली बाटली. सुधारणा खरी असते, तिला जबाबदार मात्र दुसरेच काही असू शकते.

माळेचा प्रश्न

बाटली फिरवून मी मागचा मजकूर वाचला. अगदी बारीक अक्षरांत, कोळंबी आणि खेकड्याचा अंश असल्याची सूचना होती. बाजारातील बरेचसे ग्लुकोसामाइन कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून काढतात, आणि कोंड्रॉइटिन जनावरांच्या किंवा शार्क माशाच्या कूर्चेपासून. थोरल्या बाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्या माळकरी आहेत. घरात मासे शिजतात त्या दिवशी आपले भांडे वेगळे ठेवतात. भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका किंवा मांसाहाराची तपकिरी खूण असते. परदेशातून आलेल्या बाटलीवर तशी काहीच खूण नव्हती.

सांगावे की नाही, असा विचार क्षणभर मनात आला. पण जे पोटात जाते आहे ते माणसाला ठाऊक असलेच पाहिजे, विशेषतः ज्याने आयुष्यभर त्याबाबत व्रत पाळले आहे त्याला. मी सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. नंतर एवढेच म्हणाल्या, "मुलाला हे सांगू नका, त्याला वाईट वाटेल." गोळ्या त्या दिवसापासून बंद झाल्या. मक्यापासून किण्वनाने तयार केलेले शाकाहारी ग्लुकोसामाइनही मिळते. पण वर सांगितलेल्या पुराव्यानंतर ते सुचवण्याचे मला कारण दिसले नाही.

शल्लकीविषयी त्यांनी स्वतः विचारले. सालईच्या झाडाचा हा डिंक आपल्या सातपुड्याच्या आणि विदर्भाच्या कोरड्या जंगलांतून येतो, आणि त्यातील बॉसवेलिक आम्ले दाह वाढवणाऱ्या एका विकराला अडवतात, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. नागपुरात ३० रुग्णांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांत गुडघ्याचे दुखणे व सूज कमी झाली, एक्स-रेत मात्र काही बदल झाला नाही. चाचणी लहान होती, तरी नीट बेतलेली होती. मी त्यांना म्हटले की आधी तीन महिने फक्त व्यायाम करू, दर रविवारी दुखण्याला दहापैकी गुण देऊन वहीत लिहू, आणि मग गरज वाटली तर शल्लकी एकटीच सुरू करू, म्हणजे कशाने काय झाले ते तरी कळेल.

हळद आणि यकृत

धाकट्या बाईंच्या बाबतीत प्रश्न अधिक निकडीचा होता. आमवाताचे पहिल्या पसंतीचे औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि यकृतावर त्याचा भार पडू शकतो, म्हणून सुरू करण्याआधी यकृत स्वस्थ असल्याची खात्री करतात. येथे एसजीपीटी दुपटीहून अधिक होते. कावीळ ब आणि क यांच्या तपासण्या नकारात्मक आल्या. दारूचा प्रश्न नव्हता.

हळदीच्या डबीवर एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात ९५ टक्के करक्युमिनॉइडे (करक्युमिन आणि तत्सम, हळदीतील क्रियाशील घटक) आणि सोबत काळ्या मिरीतील ५ मिलिग्रॅम पायपरिन असल्याचे लिहिले होते. बाई दिवसाला दोन कॅप्सूल घेत होत्या. स्वयंपाकातील हळदीत करक्युमिनॉइडे साधारण ३ टक्के असतात. म्हणजे त्या रोज जवळपास तीस ग्रॅम हळदीइतके करक्युमिन घेत होत्या. आपल्या घरात माणशी एवढी हळद आठवड्यातही संपत नाही. त्यातही करक्युमिन एरवी आतड्यातून फारच थोडे शोषले जाते, आणि पायपरिन नेमके हेच बदलते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की २ ग्रॅम करक्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यास माणसाच्या रक्तातील त्याची उपलब्धता २,००० टक्क्यांनी वाढते. हा शोध कॅप्सूल बनवणाऱ्यांना वरदान ठरला. पण हळद हजारो वर्षे खाल्ली जाते म्हणून निर्धोक, हा युक्तिवाद अशा कॅप्सूलला लागू होत नाही, कारण इतक्या प्रमाणात ती कुणी कधी खाल्लेलीच नाही.

अमेरिकेत औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या जाळ्याने २०२२ मध्ये हळदीशी निगडित दहा रुग्ण नोंदवले. पाचांना रुग्णालयात दाखल करावे लागले, एक दगावला, आणि दहांपैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण आढळली. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये यासाठी सावधगिरीची सूचना काढली. असे रुग्ण विरळ आहेत. भारतातलेही एक उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. डॉ. चोप्रा यांच्याच चमूने गुडघ्याच्या झिजेच्या ४४० रुग्णांवर आयुर्वेदिक मिश्रणांची ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिबशी तुलना केली, आणि २०१३ मध्ये मिश्रणे त्यांच्या तोडीची ठरल्याचे प्रसिद्ध केले. त्याच निबंधात काही रुग्णांचे एसजीपीटी वाढल्याचे आणि औषध थांबवल्यावर ते उतरल्याचेही त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले. वनस्पतिजन्य औषधाविषयी असेच लिहिले गेले पाहिजे, गुणही आणि दोषही.

धाकट्या बाईंच्या यकृताला त्रास हळदीच्या कॅप्सूलनेच झाला, असे मी ठामपणे म्हणत नाही. वेदनाशामक गोळीही चालू होती आणि तिच्यानेही एसजीपीटी वाढू शकते. दोन्ही एकाच दिवशी बंद केल्याने दोष कुणाचा हे वेगळे काढण्याची संधी गेली, पण रुग्णाच्या हिताचे तेच होते. कोल्हापुरातील एका संधिवाततज्ज्ञांशी बोलून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे आमवाताचे दुसरे औषध आणि थोड्या दिवसांपुरते कमी मात्रेचे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केले. चार आठवड्यांनी एसजीपीटी ३७ आले आणि ऑगस्टच्या मध्यास मेथोट्रेक्सेट सुरू झाले. पहिल्या लक्षणापासून तोवर साडेसात महिने उलटले होते. आधीचे साडेसहा महिने गोळ्यांवर विसंबण्यात गेले आणि शेवटचा एक महिना, बहुधा त्याच गोळ्यांपैकी एकीमुळे, वाट पाहण्यात गेला.

बाईंनी जाताना विचारले की आमटीतली हळदही सोडायची का. मुळीच नाही, असे मी सांगितले. आमटीतली चिमूटभर हळद आणि ती कॅप्सूल यांत नावापलीकडे फारसे साम्य नाही.

न फोडलेली डबी

कोलॅजेनविषयी मी फार वेळ घेतला नाही. ते प्रथिन आहे, पोटात गेल्यावर त्याचे मुख्यतः लहान तुकडे आणि अमिनो आम्ले होतात, आणि त्या आम्लांनी दुखऱ्या सांध्याकडेच जावे अशी काही व्यवस्था शरीरात नाही. झिजेच्या आजारात थोडा दिलासा दाखवणारे काही अभ्यास आहेत, त्यांतील बरेच उत्पादकांच्या पैशातून झालेले आहेत. आमवातात त्यावर विसंबण्याजोगे काही नाही.

चौथी डबी मात्र वेगळी होती. चार वस्तूंपैकी जी बाईंनी उघडलीच नव्हती, तिच्याच बाजूने आमवातात खरा पुरावा आहे. ॲडलेड येथे नव्याने आमवात झालेल्या १४० रुग्णांना तीन औषधांच्या नेहमीच्या तिहेरी उपचारासोबत माशांचे तेल दिले गेले, एका गटाला रोज ५.५ ग्रॅम ओमेगा-३ (त्या तेलातील कामाची मेदाम्ले) आणि दुसऱ्याला ०.४ ग्रॅम. जास्त मात्रेच्या गटात तिहेरी उपचार अपुरे पडण्याचे प्रमाण बरेच कमी होते आणि आजार शमण्याचे प्रमाण अधिक. झिजेच्या गुडघ्याला मात्र हेच तेल उपयोगी पडलेले नाही. अमेरिकेतील व्हायटल चाचणीत ओमेगा-३ ने किंवा ड जीवनसत्त्वाने गुडघेदुखी कमी झाली नाही, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २६२ रुग्णांच्या ऑस्ट्रेलियन चाचणीत क्रिल या कोळंबीसारख्या सागरी जिवाच्या तेलानेही फरक पडला नाही. म्हणजे थोरल्या बाईंसाठी निरुपयोगी ठरणारा पदार्थ धाकट्या बाईंना, औषधांच्या जोडीने, उपयोगी ठरू शकतो.

पण मात्रा पाहावी लागते. डबीवर ठळक अक्षरांत १,००० मिलिग्रॅम लिहिले होते. ते माशांच्या तेलाचे वजन. मागे बारीक अक्षरांत ईपीए १८० आणि डीएचए १२०, ही ओमेगा-३ ची दोन रूपे, म्हणजे कामाचा भाग ३०० मिलिग्रॅम. ॲडलेडच्या मात्रेला पोचायचे तर रोज अठरा कॅप्सूल गिळाव्या लागल्या असत्या. हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला तेव्हा बाई म्हणाल्या, "मग मी बांगडे, तारल्या खाते की!" दोन्ही मासे तेलकट आहेत आणि त्यांच्या बंदरावर स्वस्त मिळतात. आठवड्यातून दोन-तीनदा जरूर खावेत, तळण्यापेक्षा कालवणात, असे मी सांगितले. मात्र चाचणीतली मात्रा ताटातून गाठता येत नाही आणि मेथोट्रेक्सेटची जागा बांगडा घेऊ शकत नाही, हेही त्याच दमात सांगितले.

चारही वस्तूंच्या वेष्टनावर, कुठे इंग्रजीत आडवळणाने तर कुठे थेट, हे उत्पादन रोगाच्या उपचारासाठी नाही असे छापलेले होते. आपल्याकडील पूरक आहाराच्या २०१६ च्या नियमांनुसार तसे छापणे बंधनकारक आहे, आणि अमेरिकेत १९९४ च्या कायद्यापासून तशी पद्धत आहे. सहा महिने रोज हाताळलेल्या डब्यांवरचे ते वाक्य घरात कुणीही वाचलेले नव्हते. मी त्यांना दोष देत नाही. ज्या आकारात ते छापतात, तो चाळिशीनंतरच्या डोळ्यांसाठी नसतोच.

पुढील नऊ महिने

थोरल्या बाईंनी गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून मांडीचा स्नायू दहा-दहा सेकंद आवळण्याचा व्यायाम नेमाने केला आणि खुर्चीतून हातांच्या आधाराशिवाय उठण्याचा सराव केला. वजन ७१ किलोवरून ६७ वर आले; कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, हे मोजमापाने सिद्ध झालेले आहे. जुलैत गोळ्या चालू असताना वहीत दुखण्याला दहापैकी ४ गुण होते. ऑक्टोबरअखेर, गोळ्या बंद होऊन तीन महिने झाल्यावर, ३. शल्लकीचा विषय त्यांनीच काढून टाकला.

धाकट्या बाईंची मेथोट्रेक्सेटची मात्रा आठवड्याला १५ मिलिग्रॅमवर स्थिर झाली. गोळी रविवारी, तिचे दुष्परिणाम कमी करणारे फॉलिक ॲसिड मंगळवारी. चुकून रोज घेतली जाऊ नये म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक रविवारभोवती त्यांच्या मुलीने लाल वर्तुळ काढले आहे. दोन्हींचा खर्च महिन्याला दोनशे रुपयांच्या आसपास येतो. यकृताची तपासणी नियमित होते आणि ती ठीक आहे. डिसेंबरात सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासावर आला, एप्रिलमध्ये दहा मिनिटांवर. सीआरपी ४ आले. चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्यांनी जुन्याच मापाच्या बांगड्या भरल्या.

पायाच्या एक्स-रेतील कुरतडलेली कड मात्र आहे तशीच आहे, आणि उजव्या हाताची तर्जनी पूर्ण सरळ होत नाही. भाकरी थापताना ते बोट परातीला नीट टेकत नसल्याने एका बाजूला कड जाड राहते, म्हणून आता त्या परात डाव्या हाताने फिरवण्याऐवजी उजव्याने फिरवतात आणि डाव्याने थापतात. ऑर्डर चाळीस भाकऱ्यांवर ठेवली आहे. पुढची रक्ततपासणी जूनमध्ये आहे.